स्वर कुठे सोडायचा

गेल्या महिन्यात एका रविवारी मी विकायला काढलेला माझा जुना बेस गिटार बघायला एक मुलगा आला होता, बरोबर त्याची आई. अकरावी-बारावीत असेल. जाहिरातीत मी लिहिलेलं सगळं त्याला पाठ होतं. पिकअप कुठले, मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट किती, वजन किती. चहा नको म्हणाला, बेस थेट मांडीवर घेतला, कान देऊन ट्यून केला आणि जाड ई तार मोकळी छेडून मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. स्वर पुरता विरेपर्यंत आम्ही तिघं गप्प बसून राहिलो. मग ए तार, मग डी. जी तारेवर मात्र तो एकेक फ्रेट चढत गेला आणि सहाव्यावर अडला. तिथला स्वर शेजारच्यांपेक्षा लवकर बसतो. त्याने पुन्हा वाजवला, बोट जरा मागेपुढे करून पाहिलं आणि म्हणाला, "काकू, इथे सस्टेन नाहीये." म्हणजे स्वर टिकत नाही. फ्लॅट बघायला आलेल्याला कोपऱ्यात ओल दिसावी, तसं त्याच्या आईने बेसकडे पाहिलं. "कळवतो" म्हणून दोघं गेली.

मुलगा बोलला ते खरंच होतं, आणि नीट बोलला. तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

त्याला सांगता आलं असतं, की अशी जागा जवळजवळ प्रत्येक बेसवर असते. बेसची मान लांब. ती तारांबरोबर स्वतःही थरथरते, आणि तिची थरथर ज्या स्वराशी जुळते त्या स्वरातली ताकद ती ओढून घेते. तार लवकर शांत होते. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या पद्धतीने मान बोल्टने जोडलेल्या बेसवर हे बहुधा जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास घडतं. मानेच्या टोकाला, म्हणजे हेडस्टॉकला, एखादा शिकंजा आवळला की मानेचं वजन बदलतं आणि ती मुकी जागा थोडी सरकते, जात नाही. आमच्या गच्चीत शिकंजे लावून लावून मी हे ऐकलेलं आहे. पण मला टोचत होतं ते वेगळंच. इतकी वर्षं मी हौसेने स्टेजवर बेस वाजवतेय. आजवर एकाही ड्रमरने किंवा गायकाने 'तुझा स्वर किती वेळ टिकतो' असं विचारलेलं नाही. आणि तरी बेस विकत घेताना, बनवताना, त्याबद्दल बोलताना आपण सगळे आधी त्याचीच चौकशी करतो. मीही करायचे. लांब टिकणाऱ्या स्वराचं मला वेडच होतं.

पहिला बेस मी घेतला तो कॉलेजात असताना. आमच्या ग्रुपात गिटारवाले भरपूर, बेसला कोणी नाही. बेसकडे पुष्कळ जण असेच येतात. अमेरिकेतल्या कॅरल के मुळात गिटार वाजवायच्या. १९६३ साली एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही म्हणून त्यांनी बेस हातात घेतला आणि पुढे लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये त्यांच्यावाचून पान हलेना. त्यांचं नाव मला तेव्हा माहीतही नव्हतं. ट्यूशन घेऊन साठवलेले पैसे पर्समध्ये घट्ट धरून मी मुंबईला धोबीतलावला गेले. दुकानातल्या काकांनी एक बेस अँप्लिफायरला जोडला आणि जाड ई छेडली, तेव्हा तो आवाज कानाआधी मला बसल्या स्टुलातून कळला. सेकंदाला ४१ कंपनं. माणसाच्या कानाची खालची हद्दच साधारण २० पाशी संपते, तेव्हा हा स्वर ऐकण्याच्या उंबरठ्यावरचाच म्हणायचा. काचेच्या कपाटातल्या बासऱ्या हलक्या किणकिणल्या. मी दुसरा बेस पाहिलासुद्धा नाही.

तिथून व्ही.टी. चालत जाण्यासारखं. डेक्कन क्वीनमध्ये तो वरच्या फळीवर ठेवायचा जीव होईना, म्हणून पुण्यापर्यंत दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये उभा धरून बसले. घाटात गाडीची घरघर बॅगेतून लाकडात शिरायची आणि लाकडातून माझ्या हाडांत. घरी अँप्लिफायर नव्हता, त्याला पैसेच उरले नव्हते. मग एक युक्ती सापडली: हेडस्टॉक लाकडी कपाटाच्या दाराला टेकवून वाजवलं, की अख्खं कपाट बोलायला लागतं. साड्यांच्या मागून यावा तसा तो आवाज यायचा, दबका आणि उबदार. रात्री घरचे झोपले की हनुवटी बेसच्या वरच्या शिंगावर टेकवून वाजवायची. तेव्हा तो फक्त माझ्या जबड्यात वाजायचा, बाहेर कोणाला पत्ता नाही. अजूनही एखादी नवी ओळ बसवायची असली तर मी आधी तशीच बसवते.

पुढची काही वर्षं वाद्याच्या मागे लागण्यात गेली. हौशी माणसाकडे वाजवायला वेळ कमी आणि वाद्याबद्दल विचार करायला वेळ भरपूर असतो. बसमध्ये, मीटिंगमध्ये, कुकरच्या शिट्ट्या मोजताना. तारा बदलल्या की चार दिवस बेस पियानोसारखा खणखणतो, मग घामाने, मळाने मंदावतो. बेसच्या तारा महाग, म्हणून जुन्या बेसवाल्यांचा उपाय: तारा काढायच्या, वेटोळं करून पातेल्यात उकळायच्या. गुंडाळीच्या फटींत बसलेला मळ पाण्यावर राखाडी तवंग होऊन तरंगतो. मग कोरड्या पंच्याने पुसून, पंख्याखाली वाळवून परत चढवायच्या. आमच्याकडे त्यासाठी एक जुनं पातेलं वेगळं काढलेलं आहे आणि सासूबाईंनी त्याच्या कडेला लाल रंगाचा ठिपका दिलेला आहे, चुकून आमटीला घेतलं जाऊ नये म्हणून. हे सगळं कशासाठी? तर स्वर आणखी थोडा वेळ चमकत राहावा म्हणून.

शेवटी वाटलं, हवा तसा बेस आपणच बनवावा.

पुण्यात एखादा जुना वाडा उतरवला की त्याच्या तुळया, चौकटी, कडीपाट विकायला येतात. पिढ्यान् पिढ्या मुरलेलं सागवान. आता जे वाकायचं ते वाकून झालेलं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून मी अशाच एका चौकटीचा तुकडा आणला. त्यात जुन्या बिजागरीची भोकं होती, एका बाजूला हिरव्या ऑइलपेंटचे थर. आमच्या ओळखीच्या सुतारकाकांनी त्यावर रंधा चालवला आणि खोलीभर तो वास पसरला, थोडा चामड्याचा, थोडा तेलाचा. सागवानात सिलिका असते, रंध्याचं पातं पटकन बोथट होतं. काका दर थोड्या वेळाने ते दगडावर घासायला बसायचे. आणि त्यातल्या तेलामुळे डिंक नीट धरत नाही, म्हणून चिकटवायच्या आधी थिनरने पुसून घ्यायचं आणि लगेच जोडायचं. मानेसाठी सागवानाच्या पट्ट्यांच्या मध्ये शिसवीची पट्टी घातली, वरची फिंगरबोर्डही शिसवीची. मान बोल्टने जोडायची नाही, अंगातून आरपार न्यायची असं मी ठरवलं होतं. चार तारांचा मिळून ओढा पाऊणशे किलोच्या आसपास जातो. तो ओढा एकाच अखंड लाकडावर आला की स्वर जास्त टिकतो, असं वाचलं होतं.

फ्रेटचा हिशोब लावताना काकांशी माझी खरी गट्टी जमली. तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर. तिला १७.८१७ ने भागायचं, ४८.४७ येतात, तिथे पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, तिथे दुसरा. असं करत करत बारावा फ्रेट बरोबर अर्ध्यावर येऊन पडतो, आणि तो तसा पडला की मोजणाऱ्याच्या पोटात एक गोड कळ येते. काका सुतात मोजणारे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि दारं-खिडक्यांना अर्ध्या सुताचा फरक चालून जातो. इथे अर्धा मिलिमीटर सरकला तरी वरच्या फ्रेटला कान तक्रार करतो. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून डबीत ठेवली. "पेन्सिलीची रेघच जाड आहे," म्हणाले. पात्याने खुणा केल्या, त्या खुणेत करवतीचं पातं बसवलं आणि श्वास रोखून कापलं. ती करवत मग त्यांनी दुसऱ्या कुठल्याच कामाला वापरली नाही.

बेसच्या अंगासाठी तूण नावाचं लाकूड हवं होतं. महोगनीच्या कुळातलं, वजनाला हलकं, तांबूस. ते शोधत मिरजेला गेले, कारण सतारी-तंबोऱ्यांना ते वापरतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मी गेले ते त्याच्या आधी. छताला पंढरपूरकडचे भोपळे टांगलेले, खाली लाखेचा वास, कोपऱ्यात एक जण मांडी घालून घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात तो तुकडा, घासत बसलेला. मी बरोबर नेलेली मान तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांनी हातात घेतली, बोटाच्या पेराने ठोकली, कानाशी नेली. सागवान पसंत पडलं. मग मी कागदावर सगळ्या बेसचं चित्र काढून दाखवलं, तेव्हा म्हणाले, "भरीव? मग आवाज कुठे राहणार?" मी पिकअपचं सांगितलं, लोहचुंबक, त्याभोवती तांब्याची बारीक तार, वर हलणारी पोलादी तार तिथे वीज जागवते. ते शांतपणे ऐकत राहिले. मग त्यांनी एका तयार होत आलेल्या तंबोऱ्यावर तार छेडली आणि घोडीवर तारेखालचा दोरा केसभर पुढे सरकवला. स्वर एकदम उमलला. खर्ज संपेपर्यंत पंचम आलेला असतो, पंचम ओसरेपर्यंत षड्ज. कुठे शिवण दिसत नाही. घोडीची ती जरा गोलसर पाठ तासन् तास घासायची, ती या एका गोष्टीसाठी: तार छेडून झाल्यावरही बोलत राहावी.

मला वाटलं, माझ्या बेसला हेच हवंय.

बेस तयार झाला. वजनदार, पण सुंदर. बिजागरीचं एक भोक मी मुद्दाम पाठीमागे ठेवलं होतं. आणि त्याचा स्वर टिकायचा. जाड ई छेडून मी स्वयंपाकघरात जाऊन दूध उतरवून यायचे, तरी तो खोलीत असायचा, खिडकीच्या गजांना धरून. सुतारकाका घरी ऐकायला आले, डोळे मिटून बसले. त्यांनी केलेल्या कुठल्याही कपाटाने त्यांना असं उत्तर दिलं नव्हतं, असं म्हणाले.

मग गणपती आले. सोसायटीचा कार्यक्रम, पत्र्याचा मांडव, दोन टॉप आणि दोन बेस स्पीकर, मिक्सरवर एक शांत दादा, आणि दहाला बंद करायचं म्हणून सतत घड्याळाकडे बघणारे सेक्रेटरी. हिंदी-मराठी गाणी, ओळखीची माणसं. नव्या बेसचा पहिला कार्यक्रम म्हणून मी खास साडी नेसले होते. पहिल्या गाण्यात मी पहिला स्वर लावला, आणि तो गेलाच नाही. ४१ कंपनांच्या स्वराची एक लाट सव्वाआठ मीटरहून लांब असते. जवळपास तेवढ्याच मांडवात ती या पत्र्यावरून त्या पत्र्यावर आपटत राहते. माझा दुसरा स्वर पहिल्याच्या अंगावर पडला, तिसरा दोघांच्या. मोकळी ए तार वाजली की डाव्या बाजूचा पत्रा तिच्याबरोबर खडखडायचा. गायिकेने मागे वळून पाहिलं. तिला तिचा सूर सापडत नव्हता. दादा मिक्सरवर खालच्या पट्ट्या कमी करत होते, पण त्याने आवाज कमी झाला, चिखल तसाच राहिला.

गाणं संपल्यावर मी स्टेजच्या मागे गेले. प्रसादाची भांडी घासायला पिवळा स्पंज आणलेला होता, त्याची न उघडलेली जोडी तिथे पडली होती. एक कात्रीने उभा कापला आणि घोडीजवळ तारांच्या खाली दाबून बसवला. पुढच्या गाण्यात स्वर उमटला आणि लगेच आटोपला. ठुप्. त्याच्यामागे रिकामी जागा राहिली, आणि त्या जागेत ड्रमरच्या स्नेअरचा, म्हणजे त्याच्या करकरीत आवाजाच्या ड्रमचा, ठोका पडला, स्वच्छ. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तो गालात हसला आणि जरा मागे रेलून वाजवायला लागला, जसं त्याला नेहमी वाजवायचं असतं. पत्रा गप्प. दुसऱ्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या, तोवर मोबाइल बघत असलेल्या काकूंची चप्पल जमिनीवर ठेका धरायला लागली. ती चप्पल मी गाणं संपेपर्यंत बघत होते.

त्यानंतर शोधलं तेव्हा कळलं, की हा स्पंज मुळापासून तिथेच होता. लिओ फेंडर यांचा प्रिसिजन बेस १९५१ साली आला, तेव्हा त्याच्या घोडीवर धातूचं झाकण असायचं आणि झाकणाच्या आत तारांना टेकणारा मऊ तुकडा. लोकांनी पुढे झाकणं काढून टाकली, त्याबरोबर तोही गेला. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे जेम्स जेमरसन १९६२ च्या प्रिसिजनवर त्या स्पंजासकट वाजवायचे. सपाट गुंडाळीच्या तारा, त्याही तुटेपर्यंत न बदललेल्या, आणि उजव्या हाताची एकटी तर्जनी. कॅरल के घोडीजवळ तारांवर फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा ठेवून प्लेक्ट्रमने, म्हणजे बोटांत धरायच्या चपट्या पत्तीने, वाजवायच्या. या दोघांच्या ओळी किती वेगळ्या, पण दोघांकडे स्वराला शेवट आहे. नुसता विरून जाणारा नाही, वाजवणाऱ्याने ठरवलेला.

तबलजींना हे कोणी सांगावं लागत नाही. खुला बोल आणि बंद बोल हा त्यांचा पहिल्या दिवसाचा धडा. डग्ग्यावर तळहात कुठे ठेवला आणि कधी उचलला यावर अख्खा ठेका उभा असतो. बेस शिकवताना मात्र बोट कुठे ठेवायचं एवढंच शिकवतात. बोट उचलायचं कधी, आणि किती? पूर्ण उचललं तर तार फ्रेटवरून सुटताना चिरकते. नुसता दाब सोडायचा, कातडी तारेला लागलेलीच ठेवायची, की स्वर तिथल्या तिथे मिटतो. मोकळी तार असेल तर उजव्या हाताची कड हवी. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. माझा स्वर त्याच्या केसभर आधी मिटला तर स्नेअर मोठा वाटतो, त्याच्यावरून पुढे गेला तर गाणं आळसावतं. एवढ्याशा फरकाने ऐकणाऱ्याला गाणं चालतंय की बसलंय ते कळतं, आणि त्याला बेस ऐकू आला असतोच असं नाही. हल्ली रोज रात्री मी मेट्रोनोम अगदी संथ लावून फक्त एवढंच करते: एकच स्वर, आणि तो कुठे सोडायचा.

जुनी हिंदी गाणीही आता वेगळी ऐकू येतात. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. लहानपणी रेडिओच्या छोट्या स्पीकरमधून ते ४१ कंपनांचे स्वर खरं तर बाहेर पडतच नसणार; वरच्या पटीतली कंपनं ऐकून मेंदूच तळाचा स्वर भरून घेतो. म्हणजे ज्या बेसवर आम्ही लहानपणी नाचलो, त्याचा पाया आमच्याच डोक्यात वाजत होता. आता चांगल्या हेडफोनवर ऐकताना मी स्वरांमधल्या फटी शोधते. कुठे थांबले, किती थांबले, कोणासाठी जागा केली. एकेका ओळीसाठी एखादी संध्याकाळ जाते आणि मला ती अजिबात वाया गेलीशी वाटत नाही.

त्या मुलाने नंतर कळवलं, दुसरा बेस घेतला म्हणून. नवाकोरा. मला मनापासून आनंद झाला. या वयात हातात बेस येणं हीच मोठी गोष्ट आहे. त्याला मी लिहिलं, लवकरात लवकर एखादा ड्रमर शोध. स्टॉपवॉचने जे मोजता येत नाही ते ड्रमरबरोबर आठवड्याभरात कळतं. जुना बेस मी आता विकायला ठेवलेला नाही. सहाव्या फ्रेटवर तो जिथे लवकर बसतो, तो सी शार्प आमच्या एका गाण्यात फार नेमक्या जागी येतो आणि तिथे मला तो तसाच हवा असतो.

सागवानी बेसवर सध्या सुतारकाकांबरोबर एक काम चाललंय. घोडीशेजारी पितळेची एक पट्टी, तिच्यावर फेल्ट, आणि बाजूला स्क्रू, म्हणजे गाणं चालू असताना एका बोटाने फेल्ट वर आणता येईल किंवा खाली नेता येईल. फेल्ट हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यांकडून आणलाय. स्पंज उन्हाळ्यात चिकट होतो. पहिली पट्टी जाड झाली, तारेला घासते, म्हणून काका पुन्हा कानस घेऊन बसलेत. यंदाच्या गणपतीच्या यादीत गायिकेने एक संथ गाणं घातलंय, नुसत्या कीबोर्डवर आणि बेसवर. त्यात माझे स्वर दोन-दोन आवर्तनं लांब आहेत, आणि ड्रम नाहीतच. त्या गाण्याला फेल्ट पूर्ण खाली. बाकी सगळ्यांना वर. पत्र्याचं मात्र दादांशी आधीच बोलून ठेवलंय: डाव्या बाजूला या वर्षी ताडपत्री बांधायची.